न पोतारलेला चौकोन

ही गोष्ट माझ्या तोंडून आजपर्यंत एकदाही बाहेर पडलेली नाही. पत्नी होती तोवर तिच्यापाशी बोलावे असे पुष्कळदा मनात आले — ती तांदूळ निवडत असे, मी शेजारी बसून सुपाकडे पाहत राही, आणि मग काहीतरी निमित्त काढून उठून जाई. लिहिण्याचा मला सराव नाही. आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्या. स्वतःचे पान भरायला बसलो तो या वयात. त्यामुळे क्रम चुकेल, थांबणे होईल. एक मात्र आधीच सांगून टाकतो : जे सांगायला सोपे, ते मी अगोदर सांगणार आहे. अवघड ते मागे ठेवणार आहे. ही सवय जुनीच आहे.

विटांपासून सुरुवात करतो. विटांविषयी बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

पन्नासच्या दशकात, नागपूरला विज्ञानाची पदवी घेऊन, मी आसेगावला शिक्षक म्हणून गेलो. आजचा वाशिम जिल्हा तेव्हा अकोल्यात होता. गावात भाजलेल्या विटेचे घर क्वचितच. कपाशीची काळी माती विटेच्या कामाची नाही — साच्यात शहाण्यासारखी बसते आणि उन्हात तडकते. चांगली माती दुरून आणावी, तर ती भाजायला लाकूड कुठले? पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कपाशीच्या नि तुरीच्या वाळक्या काड्या, चुलीलाच पुरत नसत. आणि दुसरीकडे तालुक्याच्या गावी, कापसाच्या जिनामागे, बॉयलरच्या राखेचा एक डोंगर साठलेला. कुणाला नको असलेला. कुंभाराच्या भट्टीपाशी फुटक्या कवेलूंचा, छपराच्या कौलांचा, दुसरा ढीग, तोही कुणाला नको असलेला. मला वाटले — या दोन टाकाऊ वस्तूंना चुन्याने एकत्र बांधले, तर न भाजता वीट होणार नाही का?

राख आणून देई सखाराम. तो गाडीवान. कापूस भरून जिनात न्यायचा आणि रिकाम्या गाडीने परतायचा. त्या रिकाम्या गाडीत माझी राख येऊ लागली. गाडी शाळेमागच्या पडवीशी लावून तो अंग झटकी, आणि राखेचा एक ढग त्याच्याभोवती उभा राही.

"लोकं जिनातून सरकी आनते, ढेप आनते," तो म्हणे, "अन् मी राख घेऊन येतो. बायको म्हनते, कावून जी, आपल्या चुलीतली कमी पडली काय?"

मी हसे. लगेच राख उतरवायला लागे. लोकांशी बोलताना माझे असेच होई; वस्तूंशी मात्र माझे छान जमे. कवेलू कुटून चाळावे, राखेत मिसळावे, चुना विझवावा. तुम्ही कधी चुना विझवताना पाहिला आहे? थंड दगड, थंड पाणी. दोन्ही एकत्र आले की भांडे हाताला चटका देईल इतके तापते, आतून काहीतरी खदखदू लागते. ही उष्णता इतका वेळ कुठे होती? पुस्तकातले उत्तर मला पाठ होते. तरी प्रत्येक वेळी मी त्या भांड्यावर वाकून, वाफ चष्म्यावर घेत, नव्याने चकित होत असे. ओल्या गोणपाटाखाली त्या विटा पडून राहत, आणि काही आठवड्यांनी बोटाच्या पेराने वाजवल्या की भांड्यासारखा आवाज देत. त्या आवाजाइतका आनंद मला त्या गावात दुसऱ्या कशाने झाला नाही.

आता जरा लक्ष द्या. चुना पाण्यात पुरेसा मुरू द्यावा लागतो, मग गाळून घ्यावा लागतो. घाई केली तर न विझलेले बारीक खडे तसेच राहतात. पुढे ओल लागली की ते आतल्या आत फुलतात आणि विटेला फोडतात. हे मला ठाऊक होते. तरी मी दोन ढीग केले. लिंबाखालच्या ढिगात मुरलेल्या चुन्याच्या विटा. पडवीशेजारच्या ढिगात मुद्दाम घाईने विझवलेल्या, न गाळलेल्या चुन्याच्या. नेमके काय होते, किती दिवसांत होते, हे पाहायचे होते. दुसऱ्या ढिगातल्या विटा पहिल्यांपेक्षा पांढऱ्या दिसत.

इथवर काही चूक झाली, असे मला आजही वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी जायला निघालो, तेव्हा सखारामच्या घराची मागची भिंत आदल्या पावसात खचलेली होती. मी त्याला म्हणालो, विटा पडल्या आहेत, लागतील तेवढ्या ने. तुझीच राख आहे. कोणत्या ढिगातल्या — हे सांगायचे राहिले. मृगात परत आलो, तो भिंत उभी! तुळई चढलेली, छप्पर झालेले. आणि शाळेमागे लिंबाखालचा ढीग जसाच्या तसा.

"पांढऱ्या-पांढऱ्या पाहून उचलल्या जी," सखाराम अभिमानाने म्हणाला. "तुमच्या हातच्या, म्हनलं चांगल्याच घ्याव्या."

त्याची बायको रुखमा भिंतीपाशी उभी होती. तिने आतून-बाहेरून ती पांढऱ्या मातीने पोतारली होती. शेणकाल्यात माती कालवून, उजव्या हाताचा पंजा फिरवत काढलेल्या कमानी, एकीत एक अडकलेल्या, वरपासून खालपर्यंत. तुळईला झोळी बांधलेली, झोळीत त्यांची तान्ही चंद्री.

मी काय म्हणालो? "छान झाली," म्हणालो.

त्या दिवशी पडवीत येऊन उरलेली एक पांढरी वीट मी बादलीत टाकली. आठवडा झाला असेल-नसेल, ती फुलली, तडकली, आणि तिचा एक कोपरा माझ्या हातात गळून आला. म्हणजे मला कळले होते. भिंत उतरवायला हवी, हे सांगायला मला फक्त दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. मी का गेलो नाही? लाज वाटली — हे खरे. 'गुरुजींच्या विटा' म्हणून गाव त्या भिंतीकडे पाहायला येत होते. पण लाज हे कारण मी स्वतःला बरीच वर्षे पुरवले, आणि ते पुरे नाही. खरे असे की, बादलीने मला अर्धेच उत्तर दिले होते. बादलीतली वीट सुटी असते. भिंतीतल्या विटेवर वरचा भार असतो, दोन्ही बाजूंना शेजारणी असतात, अंगावर पोतारा असतो. तिचे काय होते? खरी भिंत, खरे छप्पर, खरा पाऊस — असा प्रयोग मला दुसरीकडे कुठे मिळणार होता?

मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. बाज पुढे ओढली जाई, कोरा चहा येई. मी झोळीजवळ बसे, चंद्रीला झोका देई, आणि दुसऱ्या हाताचे नख हलकेच भिंतीवरून फिरवत राही. रुखमाला वाटे, गुरुजींना पोरीचा लळा लागला. ती सखारामला तसे म्हणालीही, माझ्यासमोर : "पाहा, आपल्या चंद्रीले काका भेटला." मी ते खोडून काढले नाही. खोडून काढण्यासारखे ते होते का? पोर गोड होती. पण ती दुसऱ्या भिंतीशी निजत असती, तर मी गेलो नसतो.

नखाला काही लागत नव्हते. आषाढ अर्धा सरला तरी भिंत गुळगुळीत. मला — हा शब्द लिहिताना हात थांबतो — निराशा वाटू लागली.

आणि एके सकाळी सखाराम गाडी घेऊन गेलेला असताना रुखमाने मला दारातच अडवले. इकडे-तिकडे पाहिले. तिची सासू शेजारीच, थोरल्या मुलाच्या घरी राहत असे. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली.

"गुरुजी, कोनाले सांगू नका जी. भिंतीले माता आली."

माता म्हणजे देवी — तो रोग, ज्याचे नाव उच्चारायलाही तेव्हा माणसे भीत. ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिकडे काट्याचे कुंपण होते, कोणी फिरकत नसे. भिंतीच्या अंगावर फोड उठले होते. वाटाण्याएवढे, काही फुटून आत पांढरा दाणा दिसणारे, काही नुसतेच वर आलेले. खरोखरच देवीच्या फोडांसारखे. त्यांच्यावर कडुनिंबाचा डहाळा खोचलेला होता. बाहेर रोज नवे उठत होते; ती रोज पहाटे उठून आतून-बाहेरून ते फोड शेणमातीने भरत होती, वर पोतारा ओढत होती. म्हणूनच माझ्या नखाला काही लागत नव्हते.

"म्या काही शिवाशिव केली असंन," ती म्हणाली. "मातेचा राग माह्यावर हाये. पन माह्या पोरीवर नको जी. तुमी शिकले-सवरले हा. काय करू सांगा."

तिचे डोळे सुजलेले होते. किती दिवस ही बाई तान्ह्या मुलीच्या झोळीकडे पाहत जागी राहिली असेल? एक वाक्य पुरे होते : रुखमाबाई, हा चुना आहे, चूक माझी आहे, पोरीला घेऊन आजच शेजारी राहायला जा. एक वाक्य.

मी त्या फोडांकडे पाहत होतो. मला दिसले ते हे, की पोतारा ओल अडवतो आहे आणि भिंत त्यामुळे तगून आहे. पोतारा नसता, तर? तिने हात फिरवलेल्या भागाशेजारी न फिरवलेला भाग ठेवता आला, तर तुलना किती नीट होईल!

"मातेला असे झाकून टाकू नये," मी म्हणालो. मी — विज्ञानाचा पदवीधर. वर्गात मुलांना देवीच्या लसीविषयी सांगणारा. "बाकी सगळे पोतारा. पण एवढी जागा उघडी राहू द्या. म्हणजे तिचा राग निवेल." आणि बोटाने भिंतीवर सुपाएवढा चौकोन काढला.

"हाव जी," ती म्हणाली, आणि त्या चौकोनाला तिने हात जोडले. तिचा चेहरा एकदम सैल झाला. माझ्या बोलण्याने कुणाला इतका दिलासा मिळाल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर ती रोज त्या चौकोनाच्या कडेला कुंकू वाहू लागली. पाऊस आला की कुंकू ओघळे. आणि तो तांबडा ओघळ कोणत्या फटीत शिरतो यावरून पाणी भिंतीत कुठून जाते, हे मला कळू लागले. हे मला फार मौजेचे वाटले. मी हे कबूल करतो — मौजेचे वाटले.

श्रावणात झड लागली. सूर्य दिसेना, कपडे वाळेनात. चौकोनातल्या विटांचे पापुद्रे निघाले, मग भिंतीला तिथे पोट आले. आधी हाताला जाणवेल इतके, मग डोळ्यांना दिसेल इतके. ते किती वाढते हे पाहण्यासाठी मी एक वाळकी तुराटी घेतली आणि कुंपणाचा बाभळीचा खांब आणि ते पोट यांच्यामध्ये बरोबर बसेल अशी तोडून अडकवली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कुंपणावरून डोकावलो. तुराटी कमानीसारखी वाकली होती.

आता आपण तिथे आलो, जिथे यायचे मी टाळत होतो.

वाकलेली तुराटी पाहिल्यावर मला समजले, की ही भिंत आज-उद्या जाणार. समजले नाही, असे मी म्हणू शकत नाही. मी स्वतःच ती खूण लावली होती. आतून रुखमाचे अंगाई म्हणणे ऐकू येत होते. झोळीची दोरी तुळईवर करकरत होती, आणि तुळईचे एक टोक त्याच भिंतीवर टेकलेले होते. मी छत्री घेऊन उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडले होते का? तसे आठवावे असा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. मला आठवते ते एवढेच, की संध्याकाळी परत येऊन तुराटी आणखी किती वाकली ते पाहू, असे मी मनाशी ठरवले, आणि शाळेत जाऊन मुलांना तरफेचे प्रकार शिकवले.

दुपारी आवाज आला. मुले धावली, मी धावलो. मागची भिंत चौकोनापासून फाटून बाहेर पडली होती, तुळई एका टोकाने खाली आली होती. चंद्री ओरडत होती — जिवंत, धडधाकट, चिखलाने माखलेली. रुखमाने झोळी ओढून तिला छातीखाली घेतले होते, आणि तुळई तिच्या उजव्या हातावर आली होती. कोपराच्या खाली हात जिथे वळायला नको तिथे वळला होता.

सखारामची आई गर्दीतून पुढे आली. पडलेली भिंत तिने एकदा पाहिली. ढिगाऱ्यात पोतारलेले तुकडे पांढरे होते आणि मधला भाग उघडा, काळपट. पोतारा न घातलेली जागा बाईमाणसाला लगेच दिसते.

"सारी भिंत पोतारली," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अन् एवढी जागा कोनासाठी ठेवली होती वं? तुह्या बापासाठी? हाताले का कीड लागली होती? आळसापायी लेकरू मारत होती ना, भवाने!"

बाया चुकचुकल्या, त्या सासूच्या बाजूने. कोणी म्हणाले, आजकालच्या पोरी अशाच. गाडी सोडून धावत आलेला सखारामही तेच म्हणाला, "हिले कितीक डाव सांगतलं, मागून नीट हात फिरव."

रुखमाने उत्तर दिले नाही. कसे देणार? मातेची गोष्ट सांगितली असती, तर राग ओढवून घेणारी म्हणून आणखी ऐकावे लागले असते. तिने वेदनेने पांढरा पडलेला चेहरा वर केला आणि गर्दीत मला शोधले. मी तिच्यापासून चार-सहा हातांवर होतो. ती फक्त पाहत होती, वर्गातले मूल शिक्षकाकडे उत्तरासाठी पाहते तसे.

मी खाली पाहिले. ढिगाऱ्याच्या कडेला माझी तुराटी पडली होती, दोन तुकडे झालेली. मी तिच्यावर पाय ठेवला.

हेच ते. याच्या आधीचे सगळे कदाचित कुणाला सांगता आले असते.

रुखमाचा हात हाडवैद्याने बसवला, पण वाकडा बसला. तो वरपर्यंत उचलता येईना. 'आळशी' हे नाव तिला गावाने दिले, आणि मी तिथे होतो तोवर ते तिच्यापासून सुटले नाही; पाणवठ्यावर बाया तिला वाट देताना हसत : "जा वं माय, तुह्या भिंती वाट पाहून राह्यल्या." माझ्या विटांना मात्र कोणी बोल लावला नाही. लिंबाखालच्या चांगल्या विटांनी शाळेच्या विहिरीचा कठडा बांधला, आणि तो उत्तम टिकला. लोक मला तो दाखवून वाखाणत. मी ऐकून घेई.

सखारामने नवी भिंत साध्या पांढऱ्या मातीची उभी केली. ती पुरी झाली त्या दिवशी मी तिकडून जात होतो. मागच्या बाजूला रुखमा पोतारत होती, डाव्या हाताने. कमानी आता उलट्या दिशेला वळत होत्या, वाकड्या-तिकड्या, एकीत एक न बसणाऱ्या. चंद्री तिच्या पायाशी चिखलात बसली होती. माझी चाहूल लागली असावी. मागे न वळता, हात न थांबवता तिने विचारले,

"गुरुजी, याच्यात बी मातेले जागा ठेवू काय?"

"नको," मी म्हणालो.

"हाव जी," ती म्हणाली, आणि हात फिरवत राहिली.

तिला सगळे कळले होते का? तो टोमणा होता, की तिचा माझ्यावर अजून तेवढाच विश्वास होता? आवाजावरून ओळखता आले नाही, आणि तोंड भिंतीकडे होते. मी तिथे थांबलो नाही. पुढच्या वर्षी बदली करून घेतली. ती आता हयात नसणार.

इतक्या वर्षांनंतर, डोळे मिटले की मला तिचा तुटलेला हात क्वचितच दिसतो. दिसते ती तिची पाठ. आणि दर वेळी मनात पहिल्याने येते ते हे, की चार पावले पुढे होऊन, वळसा घालून, त्या क्षणी तिचा चेहरा कसा होता ते पाहून घ्यायला हवे होते.